दोन थरांमधला शुक्रवार

डोंबिवलीत एक योगशिक्षक होते. आमच्या कारखान्याच्या पाटीवर ‘प्राणवायुमापक यंत्रे’ असं वाचून ते एके दिवशी सरळ आत आले. माझ्या टेबलासमोरच्या स्टुलावर मांडी घालता येते का ते त्यांनी पाहिलं, येत नाही म्हटल्यावर नाइलाजानं पाय सोडून बसले आणि म्हणाले, "माझा प्राणवायू मोजून द्या."

मी त्यांना समजावलं, की आम्ही माणसांचा नाही, धुराड्यांचा प्राणवायू मोजतो. बॉयलर असतो, भट्टी असते, तिच्या धुरात किती ऑक्सिजन उरलाय ते आमचं यंत्र सांगतं.

"धुराचा मोजता, मग श्वासाचा मोजायला काय झालं?"

खरं म्हणजे काहीच झालं नव्हतं. मी रबरी नळी लावून दिली आणि म्हटलं, फुंका. हवेत असतो त्यापेक्षा आकडा बराच खाली आला. गृहस्थांचा चेहरा पडला. उरलेला ऑक्सिजन तुम्ही स्वतःकडे ठेवून घेतलात, असं सांगितल्यावर मात्र ते एकदम खूश झाले. मग त्यांनी डोळे मिटून, श्वास कोंडून, लालबुंद होईपर्यंत थांबून पुन्हा फुंकलं. आकडा आणखी खाली. आता त्यांना ते कंपनीच्या लेटरहेडवर लिहून हवं होतं. आमच्या साहेबांनी त्यांना चहा दिला, लेटरहेड दिलं नाही.

असे लोक येत. विठ्ठलवाडीच्या बाजूला कापड रंगवायचा कारखाना असलेले एक शेठ होते. त्यांच्या बॉयलरवर आमचं यंत्र बसवून झालं, मी त्यांना आकडा कसा वाचायचा ते शिकवलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मॅडम, वो सब ठीक है. लेकिन इन्स्पेक्टर आएगा तब आकडा अच्छा आना चाहिए, ऐसा कोई बटन है क्या?" मी म्हटलं, आहे ना, हवेची झडप, तीच नीट फिरवा. हे बटन त्यांना फारसं आवडलं नाही.

आता हे यंत्र म्हणजे काय, ते थोडक्यात सांगते. माझ्या नवऱ्याला लग्नानंतर कित्येक वर्षं ते सांगता येत नव्हतं. कोणी विचारलं तर तो ‘केमिकलमध्ये आहे’ म्हणून मोकळा व्हायचा. झिरकोनिया नावाची एक सिरॅमिक असते. दिसायला चिनी मातीच्या बशीसारखी, पण चांगली तापवली की तिच्या आतून ऑक्सिजनचे आयन, म्हणजे विजेचा भार घेतलेले ऑक्सिजनचे अणू, चालू लागतात. घट्ट वस्तूतून अणू चालतात कसे, असं माझ्या सासूबाईंनी विचारलेलं. त्यांना मी पंगतीचं उदाहरण दिलं. पंगत बसली आहे आणि मध्येच एक पाट रिकामा आहे. शेजारचा सरकून त्या पाटावर बसतो, त्याचा पाट रिकामा होतो, मग त्याच्या पलीकडचा सरकतो. आयनांचं तसंच. रिकामी जागा असेल तरच पुढे जायचं. सिरॅमिकच्या एका बाजूला स्वच्छ हवा आणि दुसऱ्या बाजूला धूर ठेवला, की जिकडे ऑक्सिजन जास्त तिकडून तो कमी असलेल्या बाजूला जायला बघतो आणि त्यातून अगदी थोडीशी वीज तयार होते. ती मोजायची. माझी सगळी नोकरी ही एवढीच.

कारखाना डोंबिवलीच्या एमआयडीसीत, एका शेडमध्ये. मालक सबनीससाहेब ठाण्याला नौपाड्यात राहायचे, स्वतः इंजिनीअर, सतत काहीतरी नवीन करून बघायची खोड असलेले. आमच्या भागात वीज वाटून घेण्याची पद्धत होती, म्हणून सगळ्या जगाला रविवारी सुट्टी तर आम्हाला शुक्रवारी. नवरा ठाण्याला बँकेत, त्याची सुट्टी रविवारी. आमच्या संसारात दोघं एकत्र घरी असण्याचा दिवस फक्त दिवाळीतच यायचा, आणि आम्ही भांडलो नाही याचं श्रेय मी एमआयडीसीला देते.

नव्वद सालाच्या आसपास साहेबांनी एक नवीन खूळ डोक्यात घेतलं. झिरकोनियाची नळी बाहेरून आणावी लागे, ती जाड असे आणि तापायला फार वेळ घेई. साहेबांचं म्हणणं, नळी कशाला? नखाएवढ्या चकतीवर त्या सिरॅमिकचा पातळ थर चढवू. थर जितका पातळ तितका आयनांचा प्रवास कमी. त्यातही एकच थर नाही, दोन. खाली सिरियम नावाच्या धातूच्या ऑक्साईडचा थर, कारण त्यातून आयन कमी तापमानालाही झपाझप जातात. पण या सिरियमला एक वाईट खोड आहे. धुरात ऑक्सिजन फारच कमी झाला की ते आयनांच्या जोडीला चोरवाटेनं इलेक्ट्रॉनही सोडायला लागतं आणि मग आकडा खोटा येतो. म्हणून वरून झिरकोनियाचं पातळ पांघरूण घालायचं. कागदावर सगळं झकास होतं.

थर चढवायचं काम तांडेलचं. हरेश्वर तांडेल माझ्याच वयाचा, कोपरच्या पलीकडे खाडीकाठच्या गावातला. घर कोळ्याचं, वडील आणि भाऊ होडीवर, आई डोंबिवलीच्या बाजारात मासे विकायला. हा एकटाच पाण्यापासून लांब गेलेला. आधी तो ठाण्याला एका वर्कशॉपमध्ये मोटारींच्या दिव्यांमागच्या वाट्यांना चकाकी चढवायचा. काम तेच, बंद पिंपातली हवा पंपानं काढून घ्यायची आणि आत धातूची वाफ करून ती वस्तूवर बसवायची. गणपतीच्या आधी मंडळांची पोरं प्लॅस्टिकचे मुकुट घेऊन त्याला शोधत आमच्या गेटपर्यंत यायची. "तांडेलभाऊ, एकच हाय, घ्या ना आत!" साहेब अशा वेळी केबिनचं दार लावून बसत.

तांडेलची एक परीक्षा होती. थर चढवण्याआधी तो चकतीशेजारी पिंपात ठेवायची काचेची पट्टी चिमट्यात धरून तिच्यावर हळूच हा करायचा, आपण चष्मा पुसताना करतो तसं. काच स्वच्छ असेल तर वाफ एकसारखी बसते आणि एकसारखी उडते. काचेला जरा जरी तेलकटपणा असला, तर वाफेत ठिपके आणि नकाशे दिसतात. मला त्यानं हे पहिल्याच आठवड्यात शिकवलं, आणि घरी जाऊन मी सगळ्या पेल्यांवर हा करून पाहिलं. सासूबाईंना तो माझ्या नाही, त्यांच्या स्वच्छतेवरचा शेरा वाटला.

तर अशा त्याच्या चकत्या तयार होऊन माझ्याकडे येत. मी त्या तापवून त्यांच्यातून उलटसुलट होणारी वीज सोडायची, आधी भराभर उलटणारी, मग सावकाश, आणि आलेले आकडे ग्राफपेपरवर मांडायचे. त्यातून टेकड्यांसारखी वळणं उमटतात. पहिली टेकडी थरांच्या आतला अडथळा दाखवते. दुसरी टेकडी दाखवते दोन थर जिथे भेटतात त्या जोडाचा अडथळा. ही दुसरी टेकडी माझी खरी शत्रू आणि खरी करमणूक. दोन वेगळी स्फटिकं एकमेकांवर बसतात तेव्हा त्यांच्या अणूंच्या रांगा जुळत नाहीत. कुठे ओढाताण होते, कुठे रिकाम्या जागा जास्त पडतात. गंमत अशी, की त्या जोडाच्या कडेकडेनं जाणारे आयन आमच्या काही चकत्यांमध्ये चांगले सुसाट जायचे. पण आम्हाला ते कडेनं जाऊन उपयोग नव्हता, आम्हाला ते जोड ओलांडून वर यायला हवे होते. आणि ओलांडताना ते अडायचे.

कधी अडायचे, कधी नाही, हाच तर घोळ होता. एक चकती अशी यायची की दुसरी टेकडी शोधावी लागे. पुढची चकती त्याच पिंपातली, त्याच मालाची, आणि तिची दुसरी टेकडी पहिलीला झाकून टाकणारी. थर उत्तम, जोड खराब. थर चढवायला वेळ लागे, खालचा एका दिवशी आणि वरचा पुढच्या दिवशी. मधल्या वेळात खाडीची दमट हवा लागू नये म्हणून साहेबांचा सक्त नियम होता, पिंप उघडायचं नाही, चकती आत निर्वातातच सुरक्षित. आम्हा सगळ्यांना ते पटलेलं. निर्वातासारखी स्वच्छ जागा दुसरी कुठली?

शेवटी साहेबांनी ठाण्याहून एक सल्लागार आणले. निवृत्त प्राध्यापक, बोलायला गोड, विषयातले खरोखर जाणकार. माझे ग्राफ बघून त्यांनी एका मिनिटात सांगितलं, की जोडात मळ आहे. मी मनात म्हटलं, बरोबर. मग ते म्हणाले, "बहुतेक सोडियम. म्हणजे मीठ. ते जोडात जाऊन बसतं. इथे मीठ कुठून येतं ते शोधा."

नेमकी जेवणाची वेळ. तांडेलचा डबा उघडा होता आणि डब्यात सुका जवळा. वास शेडभर. सल्लागार हसले, वाईट हेतूनं नाही, कोडं सुटल्यावर माणूस हसतो तसे. त्यांनी विचारलं, "राहायला कुठे?"

"खाडीवर, साहेब. कोपरच्या पल्याड."

"घरी काय व्यवसाय?"

"मासली."

"मग झालं," ते सबनीससाहेबांकडे वळून म्हणाले. "दोष यांचा नाही. पण मीठ यांच्या हातात आहे, कपड्यात आहे, केसात आहे. यांना थरांपासून लांब ठेवा."

मी म्हटलं, "सर, तो हातमोजे घालतो. चकतीला हातसुद्धा लावत नाही, चिमट्यानं उचलतो."

"मिठाला हातमोजे समजत नाहीत, बाई."

शेडमधली सगळी माणसं जेवता जेवता ऐकत होती. तांडेलनं डब्याचं झाकण लावलं. घास अर्धा तसाच राहिला. सल्लागारांचा तर्क तसा खोटा नव्हता, मीठ अशा कामात वाईटच. पण मीठ आहे की नाही हे बघायच्या आधी त्यांनी माणूस बघितला, आणि ते मला तेव्हाही आवडलं नाही, आजही आवडत नाही.

संध्याकाळी साहेबांनी तांडेलला पॅकिंगला बदललं. पगार तोच, वेळ तीच. त्यामुळे तक्रार करायलासुद्धा जागा नाही. तो खोक्यांमध्ये गवत भरायला लागला. आमच्यात बसून जेवणं त्यानं बंद केलं. डबा घेऊन गेटजवळच्या बदामाखाली जायचा. कोणी हाक मारली तर म्हणायचा, "नको, वास येतो."

थर आता साहेब स्वतः चढवू लागले. त्यांची पहिलीच चकती अशी सुंदर निघाली, की मला दुसरी टेकडी दिसेना. साहेब लहान मुलासारखे खुलले. "बघितलंत, सामंत मॅडम? मीठ!" ग्राफ माझाच होता आणि तोच त्यांच्या बाजूनं बोलत होता.

पण पुढची चकती वाईट आली, तिच्या पुढचीही. साहेब म्हणाले, जुनं मीठ पिंपात राहिलं असेल. त्यांनी बाही सरसावून पिंप आतून घासलं, धुतलं, पुसलं. माझ्या मनात आलं, आता यांच्या हातात कुठलं मीठ आहे, ते सल्लागारांना विचारावं. पण साहेबांच्या डोक्यात तांडेल आणि मीठ ही जोडी एकदा बसली होती, ती घासून निघत नव्हती.

पुढच्या शुक्रवारी मी बाजारात गेले. आम्ही मालवणकडचे, सुट्टीचा दिवस आणि मासे नाहीत असं आमच्याकडे चालत नाही. तांडेलच्या आईकडेच मी नेहमी घ्यायचे. म्हातारीनं त्या दिवशी भाव सांगितला नाही, पाटीतलं पापलेट उचललं नाही.

"बाय, माज्या पोराच्या हाताला काय जालंय ग?"

"का हो मावशी?"

"रोज हात घासतंय. साबन लावतंय, मंग दगडान् घासतंय. साली निगाल्यात बोटांच्या. जेवताना तिखट लागतंय तं डोल्यात पानी येतंय, पन सांगत नाय. हितं बाया मना बोलतात, तुज्या पोराला कंपनीन् मासलीच्या वासान् भायेर काढला. खरा हाय काय?"

मी थातूरमातूर काहीतरी बोलले, मासे घेतले आणि घरी आले. घरी आल्यावर मात्र मला स्वयंपाक सुचेना. पॅकिंगच्या टेबलापाशी तो हात खिशात घालून का उभा असतो, ते मला आत्ता कळत होतं.

आदल्या दिवशी सासूबाईंनी कांदाभजी केली होती. तळणीचं तेल कढईतच ठेवून वर ताट झाकलेलं. मासे तळायला म्हणून मी ते ताट उचललं, तर त्याची आतली बाजू चिकट. कढईतलं तेल कधीच गार झालेलं, कोणी काही तळत नव्हतं, तरी ताटाला आतून तेलाचा पातळ हात फिरवल्यासारखा. मी ते ताट हातात धरून तशीच उभी राहिले. सासूबाई म्हणाल्या, "अगं घास ते, बघतेस काय?"

मी बघत होते आमचा पंप. आमच्या पिंपाखाली जो पंप होता, तो म्हणजे शेवटी तेलाची कढईच. खाली खास सिलिकॉनचं तेल उकळायचं, त्याच्या वाफेनं हवा ओढून न्यायची, आणि ही वाफ वर पिंपात जाऊ नये म्हणून भोवती गार पाणी फिरवायचं. वीज असेतो सगळं शिस्तीत. पण गुरुवारी संध्याकाळी वीज गेली की पाणी फिरवणारी मोटर बंद, मधली झडप बंद केली तरी ती जुनी, पुरती न बसणारी. आणि शुक्रवारभर निवत चाललेली तेलाची कढई खाली, चकती वर. ताट झाकल्यासारखी!

जो खालचा थर गुरुवारी चढला आणि ज्याच्यावर शनिवारी दुसरा थर बसला, त्याच्या जोडात सबंध शुक्रवार बसलेला होता. सोमवारी आणि मंगळवारी केलेल्या चकतीत तो नव्हता. साहेबांची ती पहिली सुंदर चकती आठवड्याच्या सुरुवातीची होती, हे मला लख्ख आठवलं, कारण सोमवारी साहेबांचा उपास असायचा आणि त्या दिवशी मी माझा खिचडीचा डबा त्यांना दिला होता. नंतरच्या दोन्ही वाईट चकत्यांचे खालचे थर गुरुवारचे.

शनिवारी गेल्या गेल्या मी साहेबांना म्हटलं, पिंप उघडा. गुरुवारचा थर आत होता. साहेब नियमाचे पक्के, नाही म्हणाले. मी म्हटलं, "साहेब, एक चकती वाया गेली तर जाऊ दे, गेल्या महिन्यात किती गेल्या?" त्यावर त्यांनी झडप सोडली. हवा आत शिरल्याचा आवाज झाला आणि झाकण वर गेलं. चकतीशेजारी नेहमी एक कोरी काचपट्टी ठेवलेली असे. मी पॅकिंगमध्ये जाऊन तांडेलला म्हटलं, "जरा चल. एक काच बघायची आहे."

तो दारातच थांबला. "मी आत नाय येनार, मॅडम."

साहेब म्हणाले, "ये रे. ये आत."

त्यानं चिमटा घेतला. चिमटा धरलेली त्याची बोटं साहेबांना दिसली, भेगा पडलेली, कडेनं लाल झालेली. तांडेलनं काच उजेडाकडे धरून हळूच हा केलं. वाफ बसली ती ठिपक्याठिपक्यांची, मध्ये मोठा नकाशा.

"तेल हाय," तो म्हणाला.

एवढ्यावर पटलं तर ते सबनीस कसले! पण त्यांनी जे केलं त्याबद्दल मी त्यांना आयुष्यभर मानलं. त्यांनी दोन चकत्या करायचं ठरवलं. एक तांडेलनं करायची, आठवड्याच्या मधल्या दिवसांत, सलग. दुसरी त्यांनी स्वतः करायची, गुरुवारी खालचा थर, शनिवारी वरचा. स्वतःच्या, तीनदा धुतलेल्या, पिढ्यान्‌पिढ्या मासळीला न लागलेल्या हातांनी.

त्यानंतरच्या सोमवारी मी दोन्ही मोजल्या. साहेब माझ्या खुर्चीमागे उभे. तांडेलच्या चकतीचे ठिपके मांडत गेले, एक टेकडी झाली आणि दुसरी जवळजवळ झालीच नाही. मग साहेबांची. पहिली टेकडी सरळ झाली. नंतरचे ठिपके वर चढू लागले, चढतच राहिले, शेवटी मला दुसरा ग्राफपेपर वर चिकटवावा लागला. मागून साहेब म्हणाले, "तापवताना तेलातलं बाकी सगळं जळून जातं. सिलिकॉन मागे राहतं. वाळूचा पापुद्राच की तो. त्यातून आयन जाणार कसा?" आणि पाठोपाठ, अगदी हळू, "माझ्या हातानं केलेली होती."

दुसऱ्या दिवसापासून तांडेल परत मशीनवर. गुरुवारी थर चढवणं बंद. साहेबांनी पंपाची झडप बदलून घेतली, आणि आमची दुसरी टेकडी अशी काही खाली बसली, की मला करमेना. सगळं ठीक झालं असं आम्ही समजत होतो. त्याला त्याच्या जागी परत आणलं, त्यातच सगळं आलं, असं आम्हा शिकलेल्या लोकांना वाटतं.

शुक्रवारी मी बाजारात गेले ती जवळजवळ मिरवतच. म्हातारीसमोर बसकण मारली आणि सांगितलं, "मावशी, हरेश्वरच्या हातात काहीच दोष नव्हता. मशीनमध्ये तेल जात होतं. आम्ही शोधून काढलं."

तिनं माशी हाकलली. "मना कशाला सांगतंस? मी त्याला पोटान् ठेवलाय. त्याला सांगितलास काय?"

मी आठवून पाहिलं. साहेबांनी मला सांगितलं होतं, मी साहेबांना, दोघांनी मिळून सल्लागारांना फोनवर. त्याला कोणीच सांगितलं नव्हतं.

"अजून घासतंय हात," म्हातारी म्हणाली.

शनिवारी मी हे जसंच्या तसं साहेबांना सांगितलं. जेवणाच्या वेळी ते केबिनबाहेर आले, शेडच्या मधोमध उभे राहिले. साहेब असे कधी उभे राहत नसत, त्यामुळे सगळ्यांचे घास थांबले. गेटजवळ बदामाखाली बसलेल्या तांडेलला त्यांनी हाक मारून आत बोलावलं.

"त्या दिवशी इथेच, तुम्हा सगळ्यांसमोर असं बोललं गेलं, की तांडेलच्या हातात मीठ आहे आणि त्यानं काम बिघडतंय," ते म्हणाले. "ते खोटं होतं. त्याच्या हाताचा काही संबंध नव्हता. माझं मशीन खराब होतं आणि माझा नियम चुकीचा होता. मी त्याला उगाच काढलं. तांडेल, माझं चुकलं."

तांडेल मान खाली घालून ऐकत होता. मला वाटलं, म्हणेल, असू द्या साहेब. तसं म्हणाला नाही.

"हे माज्या आयला येऊन सांगाल?" तो म्हणाला. "बाजारात. तिला तिथं लोकांनी ऐकवलेला."

साहेब शाकाहारी, असे की आमच्या डब्याशेजारी बसायचे नाहीत. पण पुढच्या शुक्रवारी ते ठाण्याहून सकाळच्या गाडीनं आले. मी स्टेशनवर घ्यायला गेले होते. मासळीबाजाराच्या तोंडाशी त्यांनी खिशातून रुमाल काढला, क्षणभर हातात धरला आणि पुन्हा खिशात ठेवला. ओल्या लाद्यांवरून, पाट्यांच्या मधून, पँट वर धरून ते माझ्या मागोमाग आले. आजूबाजूच्या बायका कोयते थांबवून बघायला लागल्या. साहेब म्हातारीसमोर उभे राहिले, हात जोडले, आणि शेडमध्ये बोलले होते ते पहिल्यापासून शेवटपर्यंत परत बोलले. आवाज जरा चढवूनच, आजूबाजूला ऐकू जावा इतका.

म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं. पाण्याच्या डब्यात हात बुडवून पदराला पुसले आणि साहेबांचे जोडलेले हात आपल्या हातात धरले.

"साहेब, मीठ तं हाय त्याच्या हाताला," ती म्हणाली. "आमच्या घरचा हाय, जायाचा नाय ता. त्याला तेवढा सांगा, घासू नको म्हनून."